धनपालची जीप आणि सयाजीची चांदणी

गाडी मागे घेताना बाजूला उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे!’ म्हणणं ही एक कला आहे, आणि या कलेत माझा हात धरणारा अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात नाही! हसू नका. उसाची ट्रॉली, वाळूचा ट्रक, एकदा तर वऱ्हाडाने भरलेली लक्झरी बस मी आमच्या कसबा बावड्याच्या बोळातून मागे काढून दिली आहे. बसचा आरसासुद्धा भिंतीला घासला नाही. भिंतीवर वाळत घातलेलं एक लुगडं तेवढं बसबरोबर पेठ वडगावला गेलं, पण ते नंतर परत आलं. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही, हे खरं. पण तालमीतला वस्ताद काय स्वतः मैदानात उतरतो?

तेव्हा त्या दिवाळी पाडव्याला सकाळी धनपाल जीप बाहेर काढणार म्हटल्यावर, कुणी बोलवायची वाट न बघता मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

धनपाल मगदूम म्हणजे आमच्या समोरच्या घरातला, माझा शाळेपासूनचा दोस्त. शाहूपुरीत शेतीपंपांच्या सुट्या भागांचं त्याचं दुकान. बोलणं हळू, चालणं हळू, दिवस मावळायच्या आत जेवण. पण गड्याला नाद एकच, आणि तोही असा की ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारावा. लढाईतल्या गाड्यांचा! नव्वद सालाच्या सुमाराला त्याला गडमुडशिंगीच्या एका मळ्यात दुसऱ्या महायुद्धातली जीप सापडली. सापडली म्हणजे काय, इंजिन गुऱ्हाळाच्या चरकाला जुंपलेलं, सांगाडा बांधावर पालथा पडलेला आणि त्याच्याखाली कोंबड्या नांदत होत्या. बघणाऱ्या सगळ्यांना भंगार दिसलं. धनपालने त्या पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “सोम्या, ही थकलीया रं. मेलेली न्हाई.”

पुढची कितीतरी वर्षं आमच्या गल्लीने एका माणसाचा वेडेपणा बघितला. ही जीप फोर्ड कंपनीने लढाईच्या काळात केलेली. त्या कंपनीने म्हणे आपल्या बोल्टच्या डोक्यावर ‘एफ’ हे अक्षर उठवलेलं असायचं. झालं! धनपालला प्रत्येक बोल्ट एफवालाच पाहिजे. दुसरा कुणी असता तर उद्यमनगरात जाऊन डबाभर बोल्ट घेऊन आला असता. हा रविवार आला की खिशात भिंग घालून भंगारबाजार गाठायचा आणि गंजलेल्या ढिगापुढे मांडी घालून, तांदूळ निवडावेत तसा एकेक बोल्ट निवडत बसायचा. एक बोल्ट त्याला वडगावच्या बाजारात कांदेवाल्याच्या तराजूला लावलेला दिसला. कांदेवाल्याला नवा तराजू घेऊन देऊन त्याने तो बोल्ट मिळवला आणि घरी येऊन थेट देवापुढे ठेवला.

त्याच्या आईने, म्हणजे आमच्या आक्कांनी, चष्मा वर करून बघितलं.

“देवाम्होरं खिळा कशाला रं ठेवलास?”

“खिळा न्हाई आक्का, एफ बोल्ट हाय.”

“मग रोज आंघोळ घालायची काय ह्येला?”

एका वर्षी हेडलाइटच्या खोबणीत चिमणीने घरटं केलं. लगेच काम बंद! पिल्लं उडून जाईपर्यंत हातोडा वाजवायचा नाही, इंजिन सुरू करायचं नाही. मी म्हटलं, “आरं, उचलून पलीकडं ठेव की!” तर म्हणतो कसा, “तिचं बांधकाम माझ्या आधी पुरं झालंय, सोम्या.” मी त्याची चेष्टा खूप करतो, पण मनातून मला त्याचा फार अभिमान वाटतो. इतक्या सबुरीने एखाद्या गोष्टीवर जीव लावणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही.

रंगसुद्धा असा न चमकणारा हिरवा, की रंगाऱ्यालाच वाईट वाटलं. शेवटच्या दिवशी तो पदरचा वार्निशचा डबा घेऊन आला.

“मालक, एक हात मारतो. आरशावाणी दिसंल!”

“चमकली तर शत्रूच्या विमानातनं दिसंल की.”

“बावड्यावर कोन बाँब टाकतंय मालक?”

पण धनपालने ऐकलं नाही. डबा परत गेला.

हे सगळं कशासाठी? तर पुण्याला जुन्या गाड्यांचा मेळावा भरायचा आणि त्यात लष्करी गाड्यांचा वेगळा विभाग असायचा. तिथे कुठली गाडी घ्यायची हे एक निवृत्त ब्रिगेडियरसाहेब ठरवायचे, आणि ते महाकडक. चुकीचा स्क्रू दिसला तरी गाडी परत! धनपालला बक्षिसाची हाव नव्हती. मला एकदाच म्हणाला होता, “हितं सगळी मला येडा म्हणत्यात, त्याचं काय न्हाई. पन एका जाणत्या माणसानं एकदा बघून ‘बरोबर हाय’ म्हणावं. एवढंच.” साहेब पाडव्याच्या दिवशी बेळगावला जाताना कोल्हापूरच्या सर्किट हाउसवर थांबणार होते. चार वाजता गाडी घेऊन या, म्हणून निरोप आला. चहा पिऊन ते पुढे जाणार. संधी काय ती एवढीच.

तर पाडव्याची सकाळ. धनपालने जीप सुरू केली. काय तो आवाज! जुन्या चित्रावरून मुद्दाम करून घेतलेला सायलेन्सर, त्यामुळे गाडी कशी समाधानाने गुरगुरत होती. मी हात वर केला.

“येऊ दे! येऊ दे! जरा डावीकडं! शाब्बास! येऊ दे!”

आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या शालूबाई फराळाचं ताट घेऊन आल्या. कडबोळी, चिरोटे आणि मधोमध अनारसे! माझं तोंड गाडीकडेच होतं. लक्ष तेवढं ताटाकडे गेलं.

“येऊ दे... येऊ दे... अनारसे तुमी केलासा व्हय शालूबाई?... येऊ दे...”

धडाड!

आक्कांचा धुण्याचा दगड. ज्याच्यावर बसून मी रोज पेपर वाचतो, तोच. तो जीपच्या पोटाखाली गेला आणि सायलेन्सरची पार भाकरी झाली. धनपालने खाली उतरून वाकून बघितलं. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता त्या चपट्या पत्र्यावरून हात फिरवत राहिला.

पाडव्याला कोण दुकान उघडं ठेवतो? वेल्डिंगवाला सासुरवाडीला, उद्यमनगर बंद. तेवढ्यात मला एकदम सुचलं. “धन्या, सयाजी!”

सयाजी म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतला म्हशीवाला. आता परगावच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडे पाडव्याला माणसांपेक्षा म्हशी जास्त नटतात. त्यांची शिंगं रंगवायची, त्यांवर मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायांत चाळ. मग मालक मोटारसायकलवर पुढे आणि त्याची म्हैस त्याच्या मागे भर रस्त्यातून धावत सुटते! मोटारसायकलच्या सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी काढून टाकलेली असते. त्या फाटफाट आवाजावर म्हशीला वर्षभर पेंड खाऊ घालतात, त्यामुळे शंभर गाड्यांच्या गोंगाटात ती आपल्याच मालकाची गाडी ओळखते. सयाजीची चांदणी यात दरवर्षी पहिली. धावणं संपलं की पुढचे दोन पाय गाडीवर ठेवून सलामीसुद्धा द्यायची. या पठ्ठ्याने यंदा नवी कोरी मोटारसायकल घेतली होती आणि जुनी येझदी विकून टाकली होती.

“सायलेन्सर व्हय?” सयाजी म्हशीची शिंगं रंगवता रंगवता म्हणाला. “आरं, माझ्या येझदीचा ठेवलाय की गोठ्यात! पुंगळी तेवढी न्हाई त्येच्यात. आवाज जरा व्हईल.”

“हुं दे की!” मी म्हटलं. “लढाईची गाडी हाय. आवाज नगं व्हय?”

सण सोडून बिचारा स्वतः आला. तेलाच्या डब्याचा पत्रा, दोन पट्ट्या आणि तारेची भेंडोळी एवढ्यावर, दुपार उलटेपर्यंत खटपट करून, त्याने येझदीचा सायलेन्सर जीपच्या पोटाला बसवून दिला. एफ बोल्टांच्या शेजारी तार आवळली जाताना धनपालने तोंड फिरवलं. घरच्या माणसाचं ऑपरेशन चाललेलं असावं, तसा तो ओट्यावर बसून होता. जाताना सयाजी म्हणाला, “चालू करून बघा. मला जायला पायजे, चांदणीची वेळ झाली.”

धनपालने जीप सुरू केली. दगडाच्या हिसक्याने कुठलीतरी वायर सैल झाली असणार, कारण चारांपैकी दोनच सिलिंडर चालले. फाट्! फाट्! फाट्! आक्का कानांवर हात ठेवून आत पळाल्या. वायर शोधायला वेळ कुठला? साडेतीन वाजून गेले होते. मी शेजारच्या सीटवर चढलो आणि आम्ही निघालो.

मोठ्या रस्त्याला लागलो तर काय गर्दी! दोन्ही बाजूंना माणसं, गच्चीवर माणसं, झाडावर माणसं. नवी गाडी घेऊन सयाजी कडेला उभा होता, डोक्याला फेटा, मागे चांदणी. आम्ही त्याच्या समोरून फाटफाट करत गेलो. आणि पुढच्याच क्षणी लोकांनी जो टाळ्यांचा कडकडाट केला, शिट्ट्या काय, आरोळ्या काय! “नादखुळा! नादखुळा!”

माझा ऊर भरून आला. “बघ धन्या! बघ! आज कळली लोकास्नी जीपची किंमत!”

मी उठून उभा राहिलो, पुढची काच धरली आणि दोन्ही बाजूंना नमस्कार करत सुटलो. एका म्हातारीला तर मी वाकून नमस्कार केला. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

“सोम्या,” धनपाल मान न वळवता म्हणाला, “मागं घुंगरं कसली वाजत्यात?”

मी मागे बघितलं. माझ्यापासून हातभर अंतरावर दोन रंगवलेली शिंगं, मोरपिसं आणि त्यांच्या मधोमध चांदणीचं प्रेमळ तोंड!

“धन्या! म्हस!”

“कुठं?”

“आपल्या गाडीत यायलीया!”

तिच्यामागे सयाजी. नव्या मोटारसायकलवर, फेटा सुटून पाठीवर लोंबतोय आणि जीव तोडून ओरडतोय, “चांदणेऽ! आगं मी हितं हाय! ती आपली गाडी न्हवं!” पण नव्या गाडीचा आवाज तिच्या ओळखीचा कुठे होता? तिची पेंड ज्या आवाजात होती, तो आवाज आमच्या पोटाखाली तारेने बांधलेला होता.

“पळीव!” मी ओरडलो. धनपालने वेग वाढवला. चांदणीनेही वाढवला. लोक बेभान झाले.

“हळू घे!” त्याने हळू घेतलं, तर तिने माझा शर्ट चाटला.

“आरं, मग थांब तरी!”

“थांबलो तर इंजिन बंद पडंल, बॅटरी परत उचलायची न्हाई. आन् चार वाजत आल्यात!”

चौकातल्या हवालदाराने लष्करी गाडी बघून खाडकन सलाम ठोकला. मग मागची म्हैस बघितली आणि तोच हात त्याने डोकं खाजवायला वापरला. असे आम्ही ताराबाई पार्कातून फाटफाट, छुमछुम करत सर्किट हाउसच्या फाटकातून आत शिरलो.

पायऱ्यांवर ब्रिगेडियरसाहेब उभे. पांढरी पँट, पांढऱ्या मिशा, हातात घड्याळ. धनपालने गाडी बरोबर त्यांच्यासमोर थांबवली आणि इंजिन बंद केलं. चांदणी दोन पावलं मागे थांबली, धापा टाकल्या, मग वळसा घालून जीपच्या पुढे आली. मी मनात म्हटलं, नको बाई. पण धावणं संपलं की काय करायचं, हे ती शिकलेली होती. तिने पुढचे दोन्ही पाय उचलले आणि धाडकन जीपच्या बॉनेटवर ठेवले. सलामी!

मग एकदम गोंधळ उडाला. माळी फावडं घेऊन धावला, शिपाई काठी घेऊन धावला, आणि त्या काठीपेक्षा मोठा आवाज झाला तो धनपालचा.

“काठी लावायची न्हाई!”

शाळेपासून ओळखतो मी त्याला. इतक्या मोठ्याने ओरडलेलं कधी ऐकलं नव्हतं. दोन्ही हात पसरून तो म्हशीच्या आणि काठीच्या मध्ये उभा राहिला.

“ती तिच्या जागी बरोबर हाय. चूक आमची हाय. सावकाश उतरू दे तिला. कोन हात लावू नगा.”

खुरांखाली त्याच्या आयुष्यातली एवढी वर्षं होती, आणि हा माणूस म्हशीचा पाय मुरगळू नये म्हणून खाली टेकवायला विटा शोधत होता! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी लपवलं नाही.

तेवढ्यात सयाजी धापा टाकत आत आला. “म्हस फितवली माझी! अख्ख्या बावड्यादेखत! माझ्याच सायलेन्सरनं!”

“आधी उतरीव तिला, मग भांड!” मी म्हटलं आणि खिशात हात घातला. शालूबाईंचे दोन अनारसे होते, संध्याकाळसाठी ठेवलेले. एक मी चांदणीच्या तोंडापुढे धरला. तिने वास घेतला आणि अनारशाच्या मागे, एकेक पाय विटेवर टेकवत, खाली उतरली. दुसरा सयाजीला दिला.

बॉनेटवर दोन खोलगट पोचे पडले होते आणि त्यांच्याभोवती ओरखडे. धनपालने आधी चांदणीच्या पायावरून हात फिरवला, मग बॉनेटवरून. साहेबांकडे बघायचा त्याला धीर होत नव्हता.

साहेब पायऱ्या उतरले. त्यांनी जीपला फेरी मारली. मग रुमाल पसरला आणि त्या पांढऱ्या पँटीनिशी सरळ गाडीखाली शिरले! आम्हाला नुसते त्यांचे बूट दिसत होते. बराच वेळ गेला. आतून आवाज यायला लागला, “एफ... एफ... हाही एफ...” बाहेर आले तेव्हा मिशीला ग्रीस लागलं होतं.

“कुठून जमवलेत हे बोल्ट?”

“भंगारातनं साहेब. एक तराजूचा हाय.”

“आणि हा सायलेन्सर?”

“येझदीचा साहेब,” धनपाल म्हणाला. “आमचा सकाळी चेपला.” कुणी चेपला ते त्याने सांगितलं नाही.

“तो बदला. बाकी बरोबर आहे. सगळं बरोबर आहे.” साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. “मी नोकरीला लागलो तेव्हा पहिली गाडी चालवली ती अशी होती. पुण्याला घेऊन या.”

“बॉनेट ठोकून सरळ करतो साहेब, रंग...”

“हात लावू नका! नकली पत्रा असता तर म्हैस इंजिनात उतरली असती. हा तुमच्या पत्र्याचा दाखला आहे. राहू द्या तसाच.”

धनपाल तिथेच पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. घरी जाताना त्याने मला पुन्हा पुन्हा विचारलं, “बरोबर हाय म्हणालं न्हवं?” पण हे तो ढकलून चालू केलेल्या जीपमधून ओरडून विचारत होता. कारण त्याच्या शेजारी आता फेटा बांधून सयाजी बसला होता, मागे चांदणी धावत होती, आणि पहिला नंबर कुणाचा यावर बावड्यात वादच उरला नव्हता. सयाजीची नवी मोटारसायकल मी ढकलत नेली. चालवता येत नाही ना!

त्या हिवाळ्यात जीप पुण्याला गेली, नवा सायलेन्सर घालून. मीही गेलो. मैदानावर एकाहून एक गाड्या होत्या, पण गर्दी आमच्या जीपपुढे, त्या दोन पोच्यांपुढे. कुणीतरी मला विचारलं, “हे कशाचे?” आता पुण्याच्या माणसाला म्हैस म्हणून काय सांगायचं? धनपाल चहा प्यायला गेला होता. मी हळूच म्हटलं, “ब्रह्मदेश. जपानी तोफा.” माणसं हळहळली. मग मी जरा वाढवलं. दुपारपर्यंत जीपने एक अख्खी पलटण वाचवली होती आणि दोन बायकांनी बॉनेटला फुलं वाहिली होती.

तेवढ्यात टोपी घातलेले, जाड चष्म्याचे एक गृहस्थ आले. लढाईतल्या जीपांवर ते मोठा ग्रंथ लिहीत होते. त्यांनी टेप काढून पोचे मोजले, पुन्हा मोजले आणि भुवया उंचावल्या.

“विलक्षण! असा आघात मी बघितलेला नाही. नेमक्या कुठल्या लढाईतला?”

मी तोंड उघडलं, तर मागे धनपाल उभा. हा माणूस जन्मात खोटं बोललेला नाही, पण निदान दोस्ताखातर गप्प राहील, अशी मला आशा होती.

“कसबा बावडा,” धनपाल म्हणाला.

गृहस्थांनी भराभर लिहून घेतलं. “कसबा... बावडा. म्हणजे इरावती नदीच्या अलीकडे, की पलीकडे?”

“पंचगंगेच्या अलीकडं,” धनपाल शांतपणे म्हणाला. “दुभती म्हस होती.”

फुलं वाहणाऱ्या दोन्ही बायका सावकाश माझ्याकडे वळल्या. पण मी त्यांना दिसलो नसेन. मी तोवर शेजारच्या लष्करी ट्रकच्या मागे गेलो होतो.